बायका-मुले सोडून

आपल्या मंडळीत बायबल सर्वांत बारकाईने कोण वाचते, असे कोणालाही विचारा. उत्तर एकच येईल : पाळकसाहेब. ते सेमिनरीत शिकून आलेले असतात, त्यांच्या कपाटात भाष्यग्रंथ असतात, दर रविवारी अर्धा तास ते बोलतात आणि आपण ऐकतो. माझे उत्तर मात्र निराळे आहे. एकच उतारा आठवडाभर चार-चार वेळा वाचणारी, त्यातली नावे, गावे, नाती, अंतरे, पैसे सगळे नीट समजून घ्यावे लागणारी व्यक्ती म्हणजे शब्बाथ शाळेची बाई. कारण तिला तो उतारा आठ वर्षांच्या मुलाला सांगायचा असतो, आणि आठ वर्षांचे मूल ‘आमेन’ म्हणून गप्प बसत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणींसाठी थोडे सांगते. शब्बाथ शाळा म्हणजे रविवारी उपासनेच्या आधी किंवा उपासना चालू असताना भरणारा मुलांचा वर्ग. कॅथलिक धर्मग्रामांतही मुलांचे असेच धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. गोष्ट सांगायची, वचन पाठ करून घ्यायचे, गाणी म्हणायची, नाताळात नाटिका बसवायची. जिथे जाल तिथे हे काम बहुतेक बायकाच करताना दिसतील. मीही नगर जिल्ह्यातल्या एका प्रॉटेस्टंट मंडळीत गेली बावीस वर्षे हेच करते आहे.

मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. मुलांना शिकवता शिकवता बायका जे बायबल शिकतात ते व्यासपीठावरून ऐकू येणाऱ्या बायबलपेक्षा पुष्कळ वेगळे आहे. आणि हे शिकलेले मुलांच्या खोलीबाहेर पडू नये अशी चोख व्यवस्था आपल्या मंडळ्यांनी करून ठेवली आहे. ती व्यवस्था मोडली पाहिजे.

हे काम बायकांकडेच का?

शब्बाथ शाळेचा इतिहास सांगताना इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांचे नाव घेतात. १७८० मध्ये त्यांनी कामकरी मुलांसाठी रविवारची शाळा काढली. सहा दिवस राबणाऱ्या मुलांना सातव्या दिवशी अक्षरओळख व्हावी हा तिचा हेतू होता. परंतु त्याच्या अकरा वर्षे आधी, १७६९ मध्ये, हाय विकम गावी हॅना बॉल नावाच्या मेथडिस्ट बाईने असा वर्ग सुरू केला होता. शिवाय रेक्स यांनीही शिकवायला पगार देऊन नेमल्या त्या बायकाच. जनक म्हणून नाव पुरुषाचे आणि वर्गात उभी बाई, ही वाटणी तेव्हापासूनची.

आपल्याकडेही तेच झाले. अमेरिकन मिशनने १८२७ मध्ये सिंथिया फेरार यांना मुलींच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे आपल्या चळवळीला माहीत आहे. पुढे गावोगावी ‘बायबलबाया’ झाल्या. उन्हातान्हात घरोघर जाऊन त्यांनी बायकांना वाचून दाखवले, अक्षरे शिकवली, आजाऱ्यांची विचारपूस केली. मंडळीच्या इतिहासाच्या पुस्तकांत मिशनरी साहेबांचे फोटो आहेत, पहिल्या देशी पाळकांची चरित्रे आहेत. बायबलबायांच्या वाट्याला आली तर एखादी ओळ येते.

मुलांना शिकवणे म्हणजे पोरे सांभाळणे, आणि पोरे सांभाळणे हा बाईचा स्वभावधर्म, असे गृहीत धरले आहे. त्यामुळे त्याला प्रशिक्षण लागत नाही, मानधन लागत नाही, मंडळीच्या कमिटीत जागाही लागत नाही. पाळक होण्यासाठी सेमिनरीत काही वर्षे अभ्यास करावा लागतो. शब्बाथ शाळेच्या बाईच्या हाती एक पाठांचे पुस्तक आणि रंगीत खडूंचा डबा दिला की झाले. स्वयंपाकाला जसे ‘काम’ म्हणत नाहीत तसेच याला ‘शिकवणे’ म्हणत नाहीत. याचे नाव ‘सेवा’. आणि सेवेत हक्काची भाषा करायची नसते!

मोजदाद कोणी केली?

मुलांच्या वर्गात बायबल कसे उलगडते त्याचे एक उदाहरण देते. पाच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. येशूने पाच हजारांना जेवू घातले असे आपण सगळेच सांगतो. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र बारीकसा तपशील आहे : पाच हजार हा आकडा पुरुषांचा आहे, बायका व मुले त्याहून वेगळी. हा उतारा वर्गात वाचला तेव्हा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, मग बायका आणि पोरं किती होती?” दुसऱ्याने विचारले, “त्यांना मोजलंच नाही, तर त्यांना जेवायला मिळालं का?”

मी असंख्य उपदेश ऐकले आहेत. याच उताऱ्यावर कृतज्ञता, विश्वास, दान, नियोजन अशा सगळ्या विषयांवर ऐकले आहे. हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आणि विचारणार तरी कसा? उपदेश चालू असताना हात वर करायची सोय नाही. मुलांच्या वर्गात ती आहे, म्हणून तिथे बायबल अधिक शिकता येते.

मुलांना उत्तर द्यायचे तर पुन्हा वाचावे लागते. मग चारही शुभवर्तमाने शेजारी ठेवली. भाकरी आणि मासे एका मुलाजवळचे होते हे फक्त योहान सांगतो. त्या भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाच्या, असेही तोच सांगतो. म्हणजे ज्यांची मोजदाद झाली नाही त्यांच्यातल्याच एकाच्या शिदोरीवर मोजलेल्या पाच हजारांचे जेवण झाले! त्या पोराला शिदोरी कोणी बांधून दिली असेल, हे बायबल सांगत नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी मात्र एका सुरात सांगितले : “आईनं.”

बायका आणि मुले ही दोन माणसे त्या गणतीबाहेर एकत्र ठेवली गेली, आणि आपल्या मंडळीतही त्यांना एकाच खोलीत बसवले आहे. व्यवस्थेला वाटले, बिनमहत्त्वाच्यांनी बिनमहत्त्वाच्यांना शिकवावे. पण त्या खोलीत काय शिकले जात आहे इकडे तिचे लक्ष नाही.

पाठ्यपुस्तकाने गाळलेल्या

मुलांच्या पाठांची पुस्तके उघडून पाहा. नोहाचे तारू, दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतला दानीएल, शमशोनाची ताकद. बायकांपैकी फळ खाणारी हव्वा, केस कापवणारी दलीला आणि गोठ्यात बाळाजवळ बसलेली मरीया. मोह पाडणारी, दगा देणारी किंवा आई, याखेरीज चौथी बाई क्वचितच भेटते. पण पाठ तयार करताना बाई मागचे-पुढचे अध्याय वाचते आणि तिला गाळलेल्या बायका सापडू लागतात.

मोशेची गोष्ट टोपलीतल्या बाळापासून सुरू होते. त्याच्या आधीच्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका असा फारोचा हुकूम असताना त्यांनी तो पाळला नाही. फारोने जाब विचारला तेव्हा त्यांनी खुशाल थाप मारली, की या बायका दणकट आहेत, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. बायबलने या सुइणींची नावे नोंदवली आहेत. एवढ्या मोठ्या राजाचे नाव मात्र त्या गोष्टीत नाही, नुसता फारो! आमच्या भागातल्या कित्येक ख्रिस्ती घरांतल्या आज्या-पणज्या गावच्या सुइणी होत्या. साऱ्या गावाची बाळंतपणे केली, पण उंबऱ्याच्या आत घेतले ते तेवढ्यापुरतेच. त्यांच्या पणतवंडांना शिप्रा आणि पुवा सांगायच्या नाहीत तर कोणाला सांगायच्या?

गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून बापाच्या वाट्याची जमीन जाणार. या पाचजणी मोशे, याजक, सरदार आणि साऱ्या लोकांसमोर उभ्या राहिल्या व म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. देवाने निवाडा दिला की मुलींचे म्हणणे रास्त आहे, आणि त्यावरून कायदा झाला. त्यांची नावे बायबलमध्ये चार ठिकाणी येतात. तरी माझ्या लहानपणी हा पाठ मला कोणी शिकवला नाही. गोष्ट इथे संपतही नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन येतात, की या मुलींनी बाहेरच्या वंशात लग्न केले तर जमीन जाईल. मग त्यांच्यावर बंधन येते : लग्न आपल्याच वंशात करायचे. हक्क मिळाला की मागोमाग त्याला कुंपण घालणारे येतातच, हेही मुलींना तिथेच शिकता येते.

केरळात त्रावणकोरच्या जुन्या वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५००० रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना समान वाटा मान्य केला. तेव्हा तिथल्या चर्चमधूनच विरोधाचे आवाज उठले होते. त्या चर्चमध्येही शब्बाथ शाळा होत्या, आणि त्यांच्या बायबलमध्येही सलाफहादाच्या मुली होत्या. महाराष्ट्रात १९२५ च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पण बाप गेला की भावाला हक्कसोडपत्र लिहून देणारी ‘गुणी’ बहीण आपल्याकडेही घरोघरी आहेच!

आणखी एक नाव, हुल्दा. देवळाच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो ऐकून योशीया राजा घाबरला आणि परमेश्वराला विचारून या म्हणून त्याने पाच माणसे पाठवली. त्यांत स्वतः मुख्य याजक होता. ती गेली हुल्दा या संदेष्टीकडे. यिर्मया संदेष्टा त्या काळात होता, तरी गेली तिच्याकडे. आणि तिने ग्रंथातले शब्द खरे होणार असे ठामपणे सांगितले. शास्त्र खरे की खोटे हे जिला विचारले गेले ती बाई होती. आज तिच्या नातींना त्याच शास्त्रावर उभे राहून बोलायला परवानगी काढावी लागते.

बायबलमध्ये सगळे बाईच्या बाजूचे आहे असे मी म्हणत नाही. मोशेविरुद्ध मिर्याम आणि अहरोन दोघेही बोलले, पण कोड फुटले एकट्या मिर्यामला. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. इफ्ताहाने युद्ध जिंकायला नवस केला आणि बळी गेली त्याची एकुलती एक मुलगी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात इफ्ताहाचे नाव श्रद्धावंतांच्या यादीत आहे, मुलीचे नाव कुठेच नाही. पण तिथेही वाचत राहिले तर दिसते की मिर्याम परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, आणि इफ्ताहाच्या मुलीसाठी इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस शोक करीत. वर्गातल्या मोठ्या मुलींना हे सांगितले की त्या चिडतात. चिडू द्यावे. ज्या ग्रंथावर चिडण्याइतके आपले प्रेम आहे तो ग्रंथ आपला असतो.

‘स्त्रीने शिकवू नये’

एवढे शिकलेल्या बाईने एखाद्या रविवारी व्यासपीठावरून बोलायचे म्हटले की तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवतात. बाईने शिकवू नये, निमूटपणे शिकावे, असे तिथे आहे. पौलाच्या नावाचे हे पत्र पौलानंतर दुसऱ्या कोणी लिहिले असे अनेक अभ्यासक मानतात. पण तो वाद बाजूला ठेवू. शब्बाथ शाळेच्या बाईने फक्त एवढे विचारावे की हे पत्र ज्या तीमथ्याला लिहिले त्याला विश्वास कोणी शिकवला? उत्तर दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. आजी लोईस आणि आई युनीके. बायकांनी शिकवले नसते तर ते पत्र घ्यायला तीमथ्यच नसता!

आणि पुरुषांना शिकवायचे नाही म्हणावे तर प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आहे. अपुल्लोस हा शास्त्रांत पारंगत, मोठा वक्ता. त्याला प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला यांनी घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल या जोडप्याला सलाम सांगतो तेव्हा तिचे नाव आधी घेतो. त्याच अध्यायात फिबी आहे. तिला लावलेला ‘डायकोनॉस’ हा ग्रीक शब्द पुरुषाला लावला की अनेक भाषांतरांत त्याचे पद होते, फिबीला लावला की नुसती सेवा होते. तिथेच यूनिया आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली. बाई प्रेषितांत कशी असेल, म्हणून पुढच्या काळात तिच्या नावाला पुरुषी रूप दिले गेले. १९५२ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ती पुरुष आहे, १९८९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत पुन्हा बाई झाली आहे.

गंमत अशी की ‘बाईने शिकवू नये’ म्हणणारेच आपली मुले दर रविवारी बाईच्या हवाली करतात. नियम खरोखर देवाचा असेल तर तो पाच वर्षांच्या मुलग्यालाही लागू हवा. तो लागू होतो कधी? मुलाला मिसरूड फुटली की. तोवर बाईचे शिकवणे चालते, कारण तोवर शिकणाऱ्याच्या हाती सत्ता नसते. म्हणजे प्रश्न शास्त्राचा नसून सत्तेचा आहे.

हाच अडसर रमाबाईंपुढे

हे नवे नाही. १८८५ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत होत्या व शिकवतही होत्या. त्यांनी तरुण मुलग्यांनाही शिकवावे असे सुचवण्यात आले, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानात त्यांचे वजन कमी होईल म्हणे! कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली ती बाई ही! रमाबाईंनी तेव्हा कळवले की आपल्या आईच्या वा आपल्या तरुण पुरुषांना शिकवण्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, मग ती काही इंग्रजांनी घ्यावी याचे नवल वाटते.

पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल साध्या मराठीत आणले, अडाणी बाईलाही कळेल असे. आश्रमातल्या बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल छापून निघाले. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणारी बाई आपल्याकडे होऊन गेली, आणि शंभर वर्षांनंतरही आपल्या मंडळ्यांत ‘बाईला काय कळते शास्त्रातले’ हा प्रश्न जिवंत आहे!

काहीच बदलले नाही असे नाही. उत्तर भारताच्या व दक्षिण भारताच्या संयुक्त मंडळ्यांत बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते. २०१३ मध्ये पुष्पा ललिता या दक्षिण भारत मंडळीच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. कॅथलिक मंडळीत २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचे काम हे स्त्री-पुरुष दोघांनाही मिळू शकणारे अधिकृत सेवापद म्हणून स्थापन केले. धर्मगुरुपद मात्र तिथे आजही बाईला बंद आहे. आणि जिथे दार उघडले तिथेही आत किती जणी गेल्या हे आपापल्या मंडळीकडे पाहून प्रत्येकीने मोजावे.

हे घरापर्यंत येते

कोणी म्हणेल, व्यासपीठावर कोण उभे राहते यात एवढे काय आहे? फार आहे. कारण व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते घरी येते. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई कोणाकडे जाते? पुष्कळदा शब्बाथ शाळेच्या बाईकडे. मूल न्यायला आलेली असते, मागे रेंगाळते. आणि तिच्या तोंडी काय असते? ‘देवाने जोडलेले माणसाने तोडू नये ना?’ हे तिने उपदेशात ऐकलेले असते.

ते शब्द कुठे आले आहेत ते वाचले पाहिजे. परूशी पुरुष येशूला विचारतात की नवऱ्याने बायकोला टाकावे काय. त्या शास्त्राप्रमाणे सूटपत्र लिहून देण्याचा हक्क नवऱ्याचा होता, आणि टाकलेल्या बाईला आसरा नव्हता. येशूचे उत्तर बायको टाकणाऱ्या पुरुषांना आवर घालते. पुरुषाच्या हातातली काठी काढून घेणारे हे शब्द आज बाईलाच काठीखाली थांबवायला वापरले जातात. मुलांना ‘हे कोण कोणाला म्हणाले?’ असे विचारायची सवय लावणारी बाईच हे ओळखू शकते.

कायद्यातही तेच झाले. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यातला भेद रद्द ठरवला, आणि संसदेने कायदा बदलला तो २००१ मध्ये. एकशे बत्तीस वर्षे! या एवढ्या वर्षांत दर रविवारी उपदेश होतच होते.

दोन्हीकडचे आक्षेप

मंडळीतले लोक म्हणतात, लहान मुलांच्या डोक्यात हे कशाला? गल्याथाचे मुंडके कापलेले चालते, सारे जग पुरात बुडालेले चालते, मिसरातल्या थोरल्या मुलांचे मरण चालते, पण पाच बहिणींनी जमीन मागितलेली चालत नाही. मुलांच्या कोवळेपणाची ही काळजी काही मला पटत नाही.

चळवळीतल्या मैत्रिणी वेगळे म्हणतात. धर्म हाच पुरुषांनी बायकांना बांधायला केलेला दोर, त्याचे धागे कशाला सोडवत बसायचे, तो टाकून द्यावा. त्यांचा राग मला समजतो. पण माझ्या मंडळीतल्या बायका धर्म टाकणार नाहीत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर राहून तो घेतला होता, माणूस म्हणून बसायला जागा मिळावी म्हणून. तो टाक म्हटले तर त्या आपल्या सभेला यायच्या थांबतील, आणि बायबल वाचायचा मक्ता उरलेल्या पुरुषांकडेच राहील. ज्या ग्रंथाच्या नावाने बाईला गप्प करतात तो ग्रंथ तिला मुखोद्गत असणे हे चळवळीच्या फायद्याचे आहे. ते शिक्षण आपल्या मंडळ्यांत फुकट, दर रविवारी, हजारो बायका घेत आहेत. आपण त्यांना मागासलेल्या समजून दूर ठेवणार की सोबत घेणार?

काय करायचे?

मागण्या साध्या आहेत. शब्बाथ शाळेच्या बायांना मंडळीच्या खर्चाने बायबलचे रीतसर शिक्षण मिळावे, भाष्यग्रंथ आणि निरनिराळी भाषांतरे त्यांच्या हाती यावीत. मंडळीच्या कमिटीत त्यांच्या प्रतिनिधीला मतासह जागा असावी. मुलांच्या पाठांची पुस्तके तयार करणाऱ्या समित्यांत शिकवणाऱ्या बाया असाव्यात, आणि शिप्रा, पुवा, हुल्दा, दबोरा, सलाफहादाच्या मुली, प्रिस्किल्ला, फिबी यांचे पाठ त्यांत यावेत. महिन्यातून एका रविवारी तरी उपदेश शब्बाथ शाळेच्या बाईने करावा, महिला-रविवारी वर्षातून एकदा फुले देऊन नव्हे. आणि पुरुषांनीही मुलांचा वर्ग घ्यावा. रविवारी सकाळी पंचवीस मुलांच्या प्रश्नांना तोंड देणे हे कोणत्याही पाळकाच्या शिक्षणाला पोषकच ठरेल!

परवानगीची वाट न पाहता सुरू करता येईल असेही पुष्कळ आहे. चार मंडळ्यांतल्या बायांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून आणावेत आणि त्यांवर बायबल उघडून वाचावे. स्त्रीमंडळाच्या सभेत पापड-लोणच्याच्या विक्रीआधी अर्धा तास यासाठी ठेवावा. वारसाहक्काचे आणि कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याचे माहितीपत्रक सलाफहादाच्या मुलींच्या पाठासोबतच वाटावे. इतर गटांतल्या मैत्रिणींनी अशा बैठकांना जरूर यावे. आपापल्या धर्माच्या मुलांना गोष्टी कोण सांगते, आणि त्यांतून कोणत्या बायका गाळल्या जातात, हा प्रश्न फक्त आमचा नाही.

तुमच्या मंडळीत, धर्मग्रामात मुलांनी विचारलेला आणि मोठ्यांनी टाळलेला एखादा प्रश्न असेल तर तो या अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या अंकांतून त्यांचा एक संग्रह करता येईल. व्यासपीठावर जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आपली मोजदाद आपण सुरू करू.